दाभणवाली चंदा

चंदाला मी कामावर ठेवलं नव्हतं. ती भांडायला आली होती, आणि राहिली.

बोरी अरबला दारव्ह्याच्या रस्त्यावर माझं गादीचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. माझा बाप खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरला, मी मोटारीवर चालणारी मशीन घेतली, एवढाच फरक. रुई त्याच्याही नाकात गेली, माझ्याही जाते. एक दिवस ही बाई सासूची जुनी गादी घेऊन आली. गादी उकलायची, रुई पिंजायची, नव्या खोळीत भरायची, असं काम. पिंजारी रुई मारतो असं लोक म्हणतात. मारणारे मारतात, खोटं कायले बोलू. ही बाई येतानाच किराणा दुकानातल्या काट्यावर रुई तोलून आली होती, आणि काम होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. पिंजून झाल्यावर पुन्हा तोलली तर पावणेदोन किलो कमी. मी म्हटलं, कचरा जातो. सगळी गिऱ्हाइकं एवढ्यावर गप्प होतात. हिनं विचारलं, "मंग कचरा कुठी हाय?" मशीनखाली वाकून तिनं दोन्ही हातांनी कचरा पोत्यात भरला आणि तोही तोलला. पाव किलोचा फरक राहिला.

"हा पाव किलो तुमच्या अन् माह्या नाकात गेला," ती म्हणाली. गादी भरून टाचून झाली तेव्हा तिनं वाकून पाहिलं. "तोल बरोबर हाय चाचा. पण टाका वाकडा हाय."

माझ्या हातातलं दाभण घेऊन तिनं सगळी ओळ उसवली आणि पुन्हा टाचली. चाळीस वर्षं मी गाद्या टाचतो. राग आला होता. पण टाका पाहिला आणि राग धरून ठेवता आला नाही. माझी बायको हमीदा आतून चहा घेऊन आली होती. तिनं टाका पाहिला, बाई पाहिली, आणि मला म्हणाली, "इसको रख लो जी. तुम्हारी नजर गई अब."

सोमवारपासून चंदा यायला लागली. सहा वर्षं आली.

आली तेव्हा तेवीस वर्षांची असेल. उंच, काटक, हाताची बोटं लांब. माहेर महागाव तालुक्यातलं, सासर इथलं. दाभण हातात नसलं की ते तिच्या अंबाड्यात खोचलेलं असायचं. बाजारात जाताना काढायचं विसरायची. भाजीवाल्या बायका तिला दाभणवाली म्हणायला लागल्या, आणि तिला ते नाव आवडायचं. म्हणायची, नुसती चंदा तर गावात चार हायेत. पदराच्या गाठीत फुटाणे बांधलेले असायचे. कामाच्या मधात एकेक तोंडात टाकायची. मला द्यायची नाही. म्हणायची, "तुमचे दात कुठी हायेत चाचा, फुकट जातीन." खरं होतं. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

तिची पोरगी स्वरा तेव्हा दोन वर्षांची होती. पिंजलेल्या रुईच्या ढिगावर तिला निजवून चंदा काम करायची. मशीन चालू असली की आमच्या दुकानात कोणी हळू बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. चंदाला मोठ्यानं बोलायची अशी सवय लागली की मशीन बंद असली तरी तिचा आवाज तसाच. समोरच्या हॉटेलवाल्यानं एकदा म्हटलं, चाचा, तुमची बाई भांडते काहून? मी म्हटलं, भांडत नाही बावा, मीठ कमी पडलं म्हणून हमीदाला सांगून राह्यली.

संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर रुई बसायची. घरी जायच्या आधी दुकानातल्या फुटक्या आरशात पाहायची आणि हमीदाला हाक मारायची. "चाची, पाहा. मी म्हातारी झाल्यावर अशी दिसीन." मग कंबर वाकवून, खोकत खोकत, दोन पावलं चालून दाखवायची. हमीदा हसून हसून भिंत धरायची. तेवढंच म्हातारपण तिच्या वाट्याला आलं.

गादी भरताना तिची एक रीत होती. आम्ही सगळे मधातून भरतो, ते सोपं पडतं. ती आधी चारही कोपरे भरायची, मुठीनं ठोकून ठोकून. कोपऱ्यात कंजुषी केली की माणूस मधात घसरते, असं तिचं म्हणणं. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, खड्डा पडलेल्या गादीवर झोपली होती मी लय वर्षं. आता मी पण कोपऱ्यापासून भरतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय ही बाई कळणार नाही. जुनी गादी आली की उकलायच्या आधी चंदा तिच्यावरून तळहात फिरवायची. डोळे दुसरीकडे. मग सांगायची. हे घर म्हाताऱ्याचं हाय, हा एकाच कुशीवर झोपते. या घरात लेकरू उशिरा झालं. या बाईची पाठ दुखते. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर निघायचं. मी म्हणायचो, ज्योतिष्याची पाटी लाव. ती म्हणायची, "गादी खोटं नाही बोलत चाचा. तिले तोंड नाही ना."

एका सासूनं नवी गादी आणली. तिला त्या एका दुहेरी गादीच्या दोन एकेरी करून पाहिजे होत्या. आम्ही टाका लगेच ओळखला. तीन महिन्यांआधी आम्हीच ती गादी एका नवरीच्या आंदणासाठी केली होती. नवरीच्या आईनं दुकानात बसून लाल खोळ निवडली होती. चंदानं तळहात फिरवला आणि तिचं तोंड उतरलं. सासू समोर होती तोवर ती काही बोलली नाही. सासू गेल्यावर म्हणाली, "चाचा, या गादीवर कोणी झोपलंच नाही. जशी गेली तशी हाय." मी म्हटलं, असन, जपून ठेवली असन. ती म्हणाली, "तीन महिने? मंग ते पोट्टी झोपते कुठी?"

नवरीच्या आईचा फोन नंबर आमच्या वहीत होता. मी म्हटलं, लोकांच्या घरात हात घालू नको, आपलं काम गादीचं. तिनं माझं ऐकलं नाही. तिथंच उभं राहून फोन लावला आणि त्या मोठ्या आवाजात सांगितलं, "मावशी, तुमची गादी आली आमच्याकडे. गादीले काही झालं नाही. पोरीले पाहून या." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. चौथ्या दिवशी ती माय पोरीला घेऊन माघारी जाताना दुकानासमोर थांबली. पोरगी स्वयंपाकघरात फरशीवर झोपत होती, तिच्या दंडावर चटके होते. ती पोरगी आज उमरखेडला कपड्याच्या दुकानात काम करते. जिवंत आहे.

चंदाचं स्वतःचं मात्र आम्हाला दिसलं नाही. हमीदाला दिसलं, आम्हाला नाही.

तिचा नवरा संजू मालवाहू गाडी चालवायचा. दारूला शिवायचा नाही, तंबाखूचा खर्रासुद्धा खात नव्हता. मला भेटला की वाकून पाया पडायचा. सकाळी चंदाला दुकानावर सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, दुपारी गाडी इकडून गेली तर थांबून डोकावून जायचा. दिवसातून तीनचार वेळा त्याचा फोन. पुढं पुढं चित्र दिसणारा फोन आला, तेव्हा चंदाला फोन फिरवून दुकान दाखवावं लागायचं: हा चाचा, ही मशीन, हे गिऱ्हाईक, जाऊन राह्यलं. ती हसून म्हणायची, "माह्या नवऱ्याले माह्याशिवाय करमत नाही." आम्ही पण हसायचो. मी तर आमच्या जावयाला त्याचं उदाहरण द्यायचो. हमीदा हसायची नाही. एक दिवस माझ्या ताटात भात वाढताना म्हणाली, "ये मोहब्बत नहीं है जी. ये चौकी है." मी म्हटलं, तुला सगळ्यात खोट दिसते.

मग चंदाचा आवाज कमी झाला. हे मला त्या वेळी कळलं नाही, आता आठवते. मशीन चालू असताना ती बोलायची आणि मला ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, माझे कान गेले. अंबाड्यात दाभण खोचणं तिनं सोडलं, कारण संजू म्हणाला होता की बाजारात लोक पाहतात. भाजीवालीनं दाभणवाली म्हणून हाक मारली तर ती वळेनाशी झाली.

उन्हाळा सुरू व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. सकाळी दुकान उघडलं नव्हतं आणि ती स्वराला घेऊन आमच्या दारात उभी. पायात चप्पल नव्हती. घशातून आवाज निघत नव्हता. हमीदानं तिचा पदर बाजूला केला तर गळ्याभोवती बोटांचे वळ, दोन्हीकडून. कारण विचाराल, तर आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं खोळीचा रंग विचारायला तिला फोन केला होता. पुरुषाचा आवाज होता, एवढंच.

हमीदानं तिला आत घेतलं. तीन आठवडे ती आमच्या घरी राहिली. पहिल्या दिवशी ती बसल्या आवाजात मला म्हणाली, "चाचा, ठाण्यात घेऊन चला मले." मी म्हटलं, थांब बेटा, घाई करू नको, पोलिसानं कोणाचं घर जोडलं का आजपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला जड जाते, पण लिहितो. मी भ्यालो होतो. संजूनं कोणाला शिवी दिली नाही की दुकानासमोर गोंधळ घातला नाही. तो फक्त रोज समोरच्या हॉटेलात येऊन बसायचा, हात जोडून लोकांना सांगायचा की माझी बायको चाचानं घरात ठेवली, माझं लेकरू माझ्यापासून तोडलं. आठ दिवसांत गावात कुजबूज सुरू झाली. त्यांची बाई यांच्या घरात, असं. मला जीव लावणारे लोकच दुकानात येऊन खुर्ची जवळ ओढून बोलायचे, चाचा, तुम्ही चांगले हाय, पण दिवस बरोबर नाहीत. माझं दुकान रस्त्यावर. आत सगळी रुई. रुईला एक काडी पुरते. मी रोज घरी येऊन हमीदाला हे सांगायचो. ती म्हणायची, रुई फिर आएगी.

चंदाचा भाऊ महागावकडून आला. गरीब माणूस. घरात धाकट्या बहिणीचं जमत आलेलं. मोठी घरी येऊन बसली तर धाकटीचं मोडेल, हे त्यानं खाली पाहून सांगितलं. मग पाच माणसांनी बैठक ठरवली.

आमच्याकडे कागदावर लय विश्वास. शेताची बटई, भावाभावाची वाटणी, विहिरीच्या पाण्याची पाळी, सगळं स्टॅम्प आणून लिहितात आणि साक्षीदारांच्या सह्या घेतात. तसं नवरा हात उचलणार नाही हे पण स्टॅम्पवर लिहून घेतात. मी अशा दोन बैठका याआधी पाहिल्या होत्या. त्या बाया पुढं नांदल्या की कशा राहिल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाली. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं: मी यापुढे पत्नीस मारझोड करणार नाही, तिच्यावर संशय घेणार नाही, पत्नी राजीखुशीने नांदावयास येत आहे, तिची पोलिसात तक्रार नाही. संजूनं स्वराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. रडला. एवढा रडला की पाचातल्या दोघांनी डोळे पुसले. मग त्यानं चंदाच्या भावाला स्वतःच्या हातानं चहा दिला, कारण चहा घेतला की वाद मिटला, अशी आमच्याकडची रीत आहे. भावानं तो चहा घेतला.

चंदा खांबाला टेकून बसली होती. सही करायला तिला बोलावलं तेव्हा ती उठली, कागद हातात घेतला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सातवी शिकली होती ती, माझ्यापेक्षा चांगलं वाचायची. वाचून झाल्यावर भावाकडे पाहिलं नाही, संजूकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"चाचा, तो मले मारून टाकन," ती म्हणाली. सगळ्यांसमोर. आवाज चढवला नाही, रडली नाही.

संजूनं मान खाली घातली. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, कारण ती मला विचारत होती. मी म्हटलं, "बेटा, पाच माणसासमोर सही केली त्यानं. आता त्याची हिंमत नाही होणार."

तिनं सही केली. खाली साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पहिली भावाची, दुसरी बैठक बोलावणाऱ्याची, तिसरी माझी. रहीम पिंजारी, मोठ्या अक्षरात. मला तेवढंच नीट येते.

घरी तिचं सामान घ्यायला गेलो तर हमीदा दारात आडवी. "मत भेजो जी." मी म्हटलं, सही झाली. ती म्हणाली, सही तुम्हारी हुई, गर्दन इसकी है. तरी तिनं शेवटी चंदाची ओटी भरली, तिच्या रीतीप्रमाणं, तांदूळ आणि नारळ घालून. आमच्यात ओटी नसते. कशी भरायची हे तिला चंदानंच एकदा कोणाच्या तरी वेळी शिकवलं होतं. तेव्हा चुकली तर चंदा ओरडली होती. आता चुकली तर चंदा काही बोलली नाही.

एकोणीस दिवसांनी ती मेली. दुपारी, पोरगी शाळेत असताना. वय एकोणतीस.

संजूनं भावाला फोन करून सांगितलं की छातीत दुखून गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं गळा पाहिला आणि पोलिसांना बोलावलं. हातानंच दाबला होता, पहिल्या वेळेसारखा. कारण विचारू नका. मी विचारलं होतं, आणि ते कारण ऐकून मला एवढंच कळलं की कारणाची त्याला गरज नव्हती.

पंधरा दिवसांनी आरोग्य खात्यातली एक पोरगी कागद घेऊन आमच्याकडे आली. सासरचे घर बंद करून गेले होते, आणि चंदा शेवटी आमच्याकडे राहिली होती म्हणून तिला आमचं घर दाखवलं कोणीतरी. बिचारी नम्र होती. म्हणाली, पंधरा ते एकोणपन्नास वयाची बाई गेली की हे भरावं लागते चाची. विचारत गेली: पोटुशी होती का? नाही. बाळंतपण झालं होतं का, दीड महिन्याच्या आत? नाही. गर्भ पडला होता का? नाही. आजार? नाही. प्रत्येक नाहीला ती फुली मारत गेली. शेवटी 'इतर' लिहिलेल्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. हमीदा म्हणाली, बेटी, इसमें लिख कि उसको मारा. पोरगी म्हणाली, ते यातच येते चाची, इतरमध्ये. मग तिनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि चौकटीच्या बाजूला, जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात लिहून घेतलं. मला दाखवलं पण. नवऱ्याने गळा दाबून. तिची नोकरी होती, तिनं तेवढं केलं.

हमीदा माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. जेवण झालं का, दवा घेतली का. पन्नास वर्षांत तिनं माझ्या नावाची जागा 'जी' म्हणून भरून काढली होती. ती 'जी' गेली. मी वाट पाहिली. पुढच्या थंडीत तिची साखर वाढली, पाय काळा पडला, यवतमाळला नेलं, काही उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून होतो. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, "कोर्ट में जाओगे तो सच बोल देना." त्याच्यात पण 'जी' नव्हती.

हमीदा जाऊन दोन वर्षं झाली, आणि केस या वर्षी उभी राहिली. संजूच्या वकिलानं स्टॅम्प बाहेर काढला. पहिला साक्षीदार भाऊ फितूर झाला असं मी म्हणत नाही, त्याला धाकटीच्या सासरची भीती होती, तो म्हणाला मला काही आठवत नाही. दुसरा साक्षीदार गाव सोडून गेला. तिसरा मी.

वकील तरुण होता, आवाज गोड. कागद माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, चाचा, ही सही तुमची? माझी. यात लिहिलं आहे, पत्नी राजीखुशीने नांदावयास येत आहे. तुमच्यासमोर लिहिलं? समोर. मग ती राजीखुशीनं गेली? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली होती, तो मले मारून टाकन. वकील हसला नाही, पण हसल्यासारखा झाला. म्हणाला, तरी तुम्ही सही केली? मी म्हटलं, केली. म्हणजे तुमचा तरी विश्वास होता की तो सुधारला? मी म्हटलं, विश्वास नव्हता, भीती होती. माझ्या दुकानाची.

तिथं लोक बसले होते. गावातले पण होते. स्वरा मामाच्या गावी असते, तिला आणलं नव्हतं, बरं झालं.

मग त्यानं शेवटचं विचारलं, आणि मला वाटते तो यासाठीच थांबला होता. त्या एकोणीस दिवसांत तुम्ही तिला पाहिलं का? मी म्हटलं, एकदा. ती सुखात होती का? मी पहिल्यापासून सांगायला लागलो. तो म्हणाला, हो की नाही सांगा. न्यायाधीश बाई होत्या. त्या म्हणाल्या, त्यांना सांगू द्या.

मी सांगितलं. बाजाराचा दिवस होता. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला लागत होतं. कांद्याच्या ढिगापाशी संजू मला दिसला, आणि मी वळायच्या आधी तोच आला, वाकून पाया पडला, म्हणाला चाचा, एक दिवस जेवायला या. त्याच्या मागं चंदा, स्वराला धरून. अशा उन्हात बाया पदर डोक्यावर घेतात. तिनं पदर गळ्याभोवती घेतला होता, दोन वेढे, हनुवटीपर्यंत. मी तो पदर पाहिला. मला कळलं. साहेब, मला तिथंच कळलं. मी म्हटलं, "बरी आहेस ना बेटा?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो." मी म्हटलं, बरं. आणि कांदे निवडायला वाकलो.

वकील बसला. न्यायाधीश बाई लिहीत होत्या, त्यांनी लिहिणं थांबवलं आणि मला विचारलं, अजून काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, नाही.

पण होतं. ते कोर्टाच्या कामाचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. कांदे हातात घेऊन मी मान वर केली तेव्हा ते तिघे गर्दीतून जात होते. स्वरा मधात होती, एक हात बापाच्या हातात, एक मायच्या. दहा पावलं गेल्यावर संजू गुळाच्या दुकानापाशी थांबला, भाव विचारताना त्याच्या हातातून पोरीचा हात सुटला. तेवढ्यात चंदानं पोरीला मधातून काढलं, स्वतःच्या पलीकडल्या बाजूला घेतलं, आणि तिचा हात घट्ट धरून, दोघांच्या मधात स्वतः चालायला लागली.